कॅराव्हॅनने कोकण किनारा: दापोली ते गणपतीपुळे एका दिवसात, दोन फेरीबोटींसकट (पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी)

कॅराव्हॅन भाड्याने घ्यायची म्हटलं की सगळे आधी आत काय काय आहे ते विचारतात, बेड किती, टीव्ही आहे का, एसी आहे का. कोकणात या प्रश्नांनी फार फरक पडत नाही. तिथे दिवस कसा जाणार हे तीन गोष्टी ठरवतात, गाडीची उंची, फेरीबोटीची वेळ आणि भरती-ओहोटी. या तीन गोष्टी जुळवल्या तर सकाळी दापोलीच्या बाजूने निघून दाभोळ, गुहागर, हेदवी, तवसाळ, जयगड करत अंधार पडायच्या आत गणपतीपुळ्याला आरामात पोचता येतं. अंतर सगळं मिळून शंभर-सव्वाशे किलोमीटर, पण याला अख्खा दिवस लागतो, आणि लागू द्यावा. मुंबई-पुण्याच्या हिशोबाने "तीन तासात होईल" असं धरून निघालात तर दुसरी बोट अंधारात गाठावी लागेल.

खालचे टप्पे याच रूटप्रमाणे लिहिलेत. श्रीवर्धनकडून बागमांडला-वेश्वी बोटीने येणार असाल किंवा मुरुड-जंजिऱ्याकडून आगरदांडा-दिघी करणार असाल तरी बहुतेक सगळं तसंच लागू पडेल.

१) गाडी ठरवताना

आपल्याकडे भाड्याने मिळणारी कॅराव्हॅन म्हणजे बहुतेक वेळा टेम्पो ट्रॅव्हलरच्या चासीवर बांधलेली गाडी. सहा-सात मीटर लांब, तीन मीटरच्या आसपास उंच. कारच्या मागे ओढायची ट्रेलरवाली कॅराव्हॅनही असते, पण पहिल्यांदा जाताय तर कोकणात ती नकोच, वाडीतल्या वाटेवर समोरून एसटी आली की ट्रेलर मागे घेणं हे सरावाशिवाय जमत नाही.

मालकाला विचारायच्या गोष्टी, आणि उत्तरं फोनवर न घेता मेसेजवर लेखी घ्या:

- नेमकी उंची किती, छतावरचा एसी आणि सोलर पॅनल धरून
- बेल्टवाल्या सीट किती (सहा जण झोपू शकतात म्हणजे सहा जण बसून प्रवास करू शकतात असं नाही)
- पाण्याची टाकी किती लिटरची, सांडपाण्याची वेगळी आहे का
- टॉयलेट कसलं, काढून रिकामं करता येणाऱ्या डब्याचं की खालच्या टाकीचं
- बॅटरी किती अ‍ॅम्पिअर-अवरची, बाहेरून करंट घ्यायची वायर बरोबर देणार का
- ड्रायव्हर बरोबर येणार असेल तर तो रात्री कुठे झोपणार

शेवटच्या प्रश्नावरून ऐनवेळी फार वाद होतात. ड्रायव्हर काका दिवसभर गाडी चालवणार, त्यांना रात्री पुढच्या सीटवर वाकडं झोपायला लावू नका, होमस्टेमध्ये त्यांच्यासाठी एक कॉट आधीच सांगून ठेवा.

नंबर प्लेट बघा. स्वतः चालवायला भाड्याने द्यायच्या गाडीला काळी पाटी आणि पिवळे आकडे असतात, ड्रायव्हरसकट मिळणाऱ्या भाड्याच्या गाडीला पिवळी पाटी. पांढऱ्या पाटीची, म्हणजे खाजगी गाडी कोणी स्वस्तात देत असेल तर स्वस्त का देतोय ते समजून घ्या. खाजगी गाडी भाड्याने चालवली की अपघातानंतर इन्शुरन्सवाले हात वर करू शकतात आणि मग सगळं तुमच्या अंगावर.

२) कागदपत्रं

- आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, भाड्याची गाडी असेल तर परमिट आणि फिटनेस
- चालवणाऱ्याचं लायसन्स. ७,५०० किलोपर्यंतच्या गाडीला साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीचं लायसन्स चालतं, आणि अशा हलक्या भाड्याच्या गाडीसाठी वेगळा ट्रान्सपोर्टचा शिक्का लागत नाही हे सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. तरी इन्शुरन्सच्या कागदावर वेगळी अट नाही ना ते वाचा
- भाडेकरार, त्यात किलोमीटरची मर्यादा आणि डिपॉझिट लिहिलेलं
- सगळ्यांची ओळखपत्रं, होमस्टेवाले मागतात
- रोख पैसे, त्यात सुटे भरपूर

डिजिलॉकर चालतं, पण खाडीच्या काठावर आणि घाटात रेंज जाते तेव्हा डिजिलॉकरही उघडत नाही आणि यूपीआयही, म्हणून झेरॉक्स आणि रोख दोन्ही ठेवा. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात कॅराव्हॅन पार्कचीही कल्पना आहे. पण दर गावात असं पार्क मिळेल अशा भरवशावर निघू नका, या पट्ट्यात मुक्काम म्हणजे कोणाच्या तरी अंगणातच.

३) आदल्या रात्री: तिथी बघा

मुक्काम कर्दे, मुरुड (दापोलीजवळचं, जंजिऱ्याचं नव्हे) किंवा हर्णैला करा. संध्याकाळी हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव असतो, तो बघायला गाडी खाली किनाऱ्यापर्यंत नेऊ नका, वर लावून चालत जा. खाली टेम्पो, बर्फाच्या गाड्या, टोपल्या घेतलेल्या बायका यांच्यातून कॅराव्हॅन वळवायला जागाच नसते. समोर सुवर्णदुर्ग दिसतो, २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा मिळाला त्यातला हा एक. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा लिलावही नसतो.

आता महत्त्वाचं. कॅलेंडर काढा आणि उद्याची तिथी बघा. किनाऱ्यावरच्या लोकांचा साधा हिशोब आहे, तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, येईल ती पूर्ण भरतीची अंदाजे वेळ. पंचमी असेल तर पाचाची पाऊणपट पावणेचार, म्हणजे पहाटे आणि दुपारी पावणेचारच्या सुमाराला भरती, आणि साधारण सहा तासांनी, म्हणजे सकाळी दहाच्या आसपास पूर्ण ओहोटी. शुक्ल असो की कृष्ण, हिशोब तोच. रोज ही वेळ पाऊण-एक तासाने पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी खूप वर चढतं आणि तितकंच खाली जातं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा फरक कमी. मोबाईलवर भरतीच्या वेळा मिळतात त्याही बघा, पण रेंज नसताना हा पाऊणपटीचा हिशोब कामाला येतो.

हे सगळं कशासाठी ते पाचव्या टप्प्यात कळेल.

बाकी आदल्या रात्रीच करायची कामं: गोड्या पाण्याची टाकी भरणं, सांडपाणी रिकामं, बॅटरी पूर्ण चार्ज, डिझेल दापोलीतच फुल करणं, उद्याच्या दुपारच्या जेवणाची फोनवर ऑर्डर. कोकणातल्या घरगुती खानावळी आधी सांगितल्याशिवाय ताट वाढत नाहीत, दीड वाजता सहा जण जाऊन उभे राहिलात तर भात-आमटीवर भागवावं लागेल, तेही मिळालं तर.

४) सकाळी निघताना

साडेसहाच्या आत गाडी हलायला हवी. निघायच्या आधी गाडीभोवती एक फेरी मारायची आणि पाच गोष्टी तपासायच्या, बाहेरची करंटची वायर काढली का, छत्री म्हणजे साइडचं ऑनिंग (बाहेर उघडायचं कापडी छप्पर) गुंडाळलं का, छतावरची खिडकी बंद का, गॅसचा व्हॉल्व्ह बंद का, आतले ड्रॉवर आणि फ्रिजचं दार लॉक का. पहिल्या वळणावर कपबशांचा आवाज आला तर समजा पाचवी गोष्ट राहिली. गाडी चालू असताना कोणीही बेडवर झोपायचं नाही आणि चहा करायला उठायचं नाही, पोरांना हे आधीच सांगा, त्यांना कॅराव्हॅन म्हणजे चालतं घर वाटतं आणि ती आत पळापळी करतात.

दाभोळला जायचे दोन रस्ते आहेत. एक लाडघर, बुरोंडी, कोळथरे असा किनाऱ्याकिनाऱ्याने, दिसायला फार सुंदर, पण अरुंद, दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे म्हणजे बुटक्या भिंती, वर फणसाच्या फांद्या आणि घराघरात गेलेल्या लोंबत्या वायरी. दुसरा दापोली गावातून सरळ दाभोळला. कारने गेलात तर पहिला घ्या, कॅराव्हॅनने दुसरा. गुगल मॅपला तुमची गाडी तीन मीटर उंच आहे हे माहीत नसतं, ते तुम्हाला शॉर्टकट म्हणून एखाद्या पाखाडीच्या, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेच्या तोंडाशी नेऊन सोडेल. शंका आली की थांबून विचारा, "मोठी एसटी जाते का या रस्त्याने?" जाते म्हणाले की निर्धास्त जा. मोठी गाडी जाते का असं मोघम विचारू नका, मोठी म्हणजे कोणाच्या डोळ्यासमोर बोलेरो पण असते.

वायर फारच खाली असेल तर एकाने खाली उतरून बघायचं. काठीने वर करायच्या फंदात पडू नका, कुठली केबलची आणि कुठली महावितरणची हे खालून कळत नाही.

५) दाभोळची फेरीबोट: इथे घाई करायची नाही

दाभोळ हे वाशिष्ठीच्या मुखावरचं जुनं बंदर, पलीकडे धोपावे. बोटीने पंधरा-वीस मिनिटांत पार. बोट नाही घेतली तर चिपळूणवरून मोठा वळसा, त्यात निम्मा दिवस जातो. काही लोक या बोटीला जंगलजेटी म्हणतात, दोन्ही नावांनी विचारलं तरी रस्ता दाखवतील.

क्रम असा:

गाडी धक्क्यावर सरळ उतरवू नका, वर लावा. एकाने खाली जाऊन तिकीट खिडकीवर गाडीची लांबी आणि उंची सांगायची. दर कारचा लागणार की मिनीबसचा ते तिथेच कळेल. गाडीचं वेगळं आणि माणसांचं वेगळं तिकीट असतं. वेळापत्रक लावलेलं असतं, ते सीझनप्रमाणे आणि हवेप्रमाणे बदलतं म्हणून आदल्या दिवशीचं ऐकीव धरू नका.

मग पाणी बघा. धक्का हा उताराचा रॅम्प असतो आणि बोटीची फळी त्यावर टेकते. भरतीला बोट वर असते, फळी जवळजवळ सपाट. पूर्ण ओहोटीला बोट खाली जाते, तुम्हाला उताराच्या तळाशी उतरावं लागतं, तिथे शेवाळ असतं, आणि उतार संपून फळी सुरू होते तिथे कोन तयार होतो. कारला त्याचा काही त्रास नाही. कॅराव्हॅनचा मागचा भाग चाकाच्या बराच मागे आलेला असतो, तो त्या कोनात खाली घासतो, आणि नेमका त्याच भागाखाली सांडपाण्याचा पाईप आणि टाकीचा नळ असतो. म्हणून तिथी. पंचमीचा दिवस असेल तर नऊ ते अकरा ही दाभोळसाठी वाईट वेळ, सात-साडेसातच्या बोटीला पाणी अजून बऱ्यापैकी असतं. उशीर झालाच तर वर थांबून नाश्ता करा, पाणी चढू द्या.

चढवताना सगळी मंडळी खाली उतरवायची, फक्त ड्रायव्हर आत. बोटीवरचा माणूस सरळ घ्या म्हणाला तर सरळ, रिव्हर्स म्हणाला तर रिव्हर्स, त्याच्या हाताकडेच बघायचं, आपल्या पाच नातेवाईकांच्या हातांकडे नाही. पहिल्या गिअरमध्ये, क्लच अर्धवट न धरता, एका वेगात. मध्येच थांबलात तर ओल्या उतारावर परत उचलताना चाक फिरतं. आत गेल्यावर हँडब्रेक, गिअरमध्ये ठेवणे, इंजिन बंद, गॅसच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह परत एकदा बघणे. सिलिंडर आहे हे बोटीवरच्यांना आधी सांगा, लपवू नका.

मधल्या पंधरा मिनिटात वर जाऊन उभे राहा. दाभोळच्या काठावर अंडा मशीद दिसते, विजापूरच्या काळातली, आणि पलीकडच्या बाजूला अंजनवेलचा तो वीज प्रकल्प जो अजून सगळ्यांच्या तोंडी एन्रॉन म्हणूनच आहे.

पावसाळ्यात हवा खराब झाली की फेरी बंद ठेवतात. तसंही जून ते सप्टेंबर ही गाडी घेऊन या रस्त्याला येऊ नका, लाल चिखलात जड गाडी एकदा बसली की ट्रॅक्टरशिवाय निघत नाही.

६) गुहागर: दुपार

धोपाव्याहून गुहागर अर्ध्या-पाऊण तासावर. व्याडेश्वराचं दर्शन, मग सुरूच्या बनाच्या बाजूला समुद्र. इथे दोन मोह होतात.

पहिला, गाडी वाळूत न्यायचा. फोटो मस्त येईल, दार उघडलं की समोर लाटा वगैरे. नाही. गुहागरची वाळू वरून घट्ट दिसते आणि साडेतीन-चार टनाच्या गाडीखाली लगेच खचते, आणि मग भरती तुमच्यासाठी थांबत नाही. दरवर्षी किनाऱ्याकिनाऱ्यावर पाण्यात अडकलेल्या गाड्यांचे व्हिडिओ फिरतात, त्यातल्या बहुतेकांना "पाच मिनिटं फक्त" थांबायचं होतं. शिवाय हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत या पट्ट्यातल्या बऱ्याच किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, वाळूखाली घरटं आहे हे वरून कळत नाही.

दुसरा मोह, गाडीत एसी लावून झोपायचा. इथे थोडं गणित करा. एक टनाचा एसी हजार-बाराशे वॅट खातो. १२ व्होल्टची २०० अ‍ॅम्पिअर-अवरची बॅटरी म्हणजे साधारण २,४०० वॅट-अवर. दोन तासात संपली, आणि मग फ्रिजही गेला, पाण्याचा पंपही गेला. दुपारी गाडी झाडाच्या सावलीत लावा (नारळाच्या नाही, वर बघा आणि मग लावा), दोन्ही बाजूच्या खिडक्या उघडा. दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटतो, तो एका बाजूने आत दुसऱ्या बाजूने बाहेर गेला पाहिजे. त्याच वाऱ्यात ऑनिंग मात्र उघडं टाकून जाऊ नका, एका झोतात दांडे वाकतात आणि डिपॉझिटमधून पहिला खर्च त्याचाच कापला जातो.

जेवण सांगून ठेवलेल्या ठिकाणी. ताटात जे येईल ते जेवा, सोलकढी दोनदा मागा, आणि निघताना तिथेच दोन कॅन पाणी भरून देता का विचारा. विचारून घ्या, नळाला सरळ पाईप लावू नका. एप्रिल-मे मध्ये इथल्या विहिरी तळाला गेलेल्या असतात आणि तुमची शंभर लिटरची टाकी म्हणजे त्या घराचं दिवसाचं पाणी असू शकतं.

७) हेदवी आणि तवसाळ

गुहागरहून पालशेत, वेळणेश्वर, हेदवी. चढ-उतार भरपूर, बाजारातून जाताना रस्ता अरुंद. उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा, सारखा ब्रेक दाबून ठेवलात तर भरलेल्या गाडीचे लायनर तापतात. मागे बाईकवाले साठले तर बाजूला घेऊन सोडून द्या.

वेळणेश्वर आणि हेदवी दोन्ही नीट बघायचा हट्ट धरू नका. मी तरी हेदवी घेईन, कारण दशभुज गणपती आणि बामणघळ एकाच गावात होतं. बामणघळ म्हणजे खडकातली अरुंद भेग, भरतीचं पाणी आत घुसून वर उसळतं. ओहोटीला गेलात तर नुसता खडक बघून याल. पंचमीला पावणेचारला भरती, म्हणजे तीन-साडेतीनला तिथे असायला हवं, परत तीच तिथी. ओल्या खडकावर कडेला जाऊ नका, तिथे माणसं वाहून गेलेली आहेत.

मग तवसाळ. इथून शास्त्री नदीच्या खाडीपलीकडे जयगड. बोटीची पद्धत दाभोळसारखीच. साडेचार-पाचपर्यंत धक्क्यावर या, म्हणजे एखादी बोट भरून गेली तरी पुढची मिळते. शनिवार-रविवार आणि नाताळच्या सुट्टीत रांग लागते आणि मोठ्या गाडीला "पुढच्या फेरीला घेतो" हे ऐकावंच लागतं, त्यात वाद घालण्यासारखं काही नाही, तुमच्या जागेत त्यांच्या दोन कार बसतात.

८) जयगड ते मुक्काम

जयगडला बंदर असल्यामुळे ट्रकची वर्दळ असते, अंधारात ते नको वाटतं. डिसेंबरात सव्वासहाच्या आत सूर्य जातो. मालगुंडवरून गणपतीपुळे गाठा. मालगुंड केशवसुतांचं गाव, स्मारक आहे, वेळ असेल तर अर्धा तास द्या, नाहीतर सकाळी या.

संकष्टी, त्यातून अंगारकी असेल तर त्या दिवशी गणपतीपुळ्यात कॅराव्हॅन घेऊन शिरूच नका, मालगुंडलाच थांबा. एरवीसुद्धा देवळाजवळ रस्त्यावर गाडी लावून रात्र काढायचा विचार नको. एमटीडीसीचं रिसॉर्ट आहे, आजूबाजूला बरेच होमस्टे आहेत, आधी फोन करून एवढंच विचारायचं: "आमची गाडी सात मीटर लांब आहे, तुमच्या गेटमधून आत येईल का, आणि एक १६ अ‍ॅम्पिअरचा प्लग मिळेल का?" साध्या ६ अ‍ॅम्पिअरच्या प्लगवर तेराशे वॅटच्या वर जाता येत नाही. त्याच्यावर एसी आणि इंडक्शन एकदम लावलंत तर अख्ख्या घराची लाईट जाईल, आणि घरातले काका सीरियल बघत असतील. विजेचे पैसे आधीच ठरवा. प्लगला अर्थिंग नीट आहे का ते टेस्टरवाल्याकडून बघून घ्या, गाडीची बॉडी पत्र्याची असते, ओल्या पायाने दाराला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर वायर लगेच काढा.

पुळ्याच्या समुद्रात पोहायला उतरू नका. किनारा एकदम खोल होतो, पाट्या लावलेल्या आहेत आणि त्या शोभेच्या नाहीत.

९) टॉयलेटचा डबा

कोणी सांगत नाही पण सगळ्यांना पडणारा प्रश्न. डबा रोज सकाळी रिकामा करायचा, तो होमस्टेच्या संडासातच, मालकाची परवानगी घेऊन. ओढ्यात, झाडीत, किनाऱ्यावर कुठेही नाही. भांड्यांचं साबणाचं पाणीसुद्धा विहिरीच्या वरच्या बाजूला सोडू नका, जांभ्यातून ते सरळ खाली झिरपतं. डब्यात टाकायचं केमिकल जैविक असेल असं बघा, कडक केमिकलने त्यांच्या शोषखड्ड्यातले जिवाणू मरतात आणि मग महिन्याभराने तिथे वास सुटतो, तुम्ही तोपर्यंत घरी. बरोबर रबरी हातमोजे, एक बादली आणि फक्त या कामाची वेगळी तोटी ठेवा. हे काम करणाऱ्याला त्या दिवशी भांडी घासण्यातून सुट्टी द्या, नाहीतर दुसऱ्या दिवशी कोणी पुढे येत नाही.

१०) गाडी परत देण्याआधी

खाऱ्या हवेने पत्रा, बिजागऱ्या, सायलेन्सर सगळं पटकन गंजतं, त्यामुळे परतीच्या वाटेवर हायवेला लागलात की एखाद्या वॉशिंग सेंटरवर खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्या, फेरीबोटीवर चाकांना लागलेलं खारं पाणी खास करून. आतली वाळू ब्रशने काढा, ओल्या फडक्याने पुसलीत तर सरकत्या दाराच्या खाचेत जाऊन बसते. दोन्ही टाक्या रिकाम्या, सिलिंडर बंद. गाडी घेताना जसे चारी बाजूंनी, छतावरून आणि मागच्या बंपरच्या खालून फोटो काढले होते (काढले नसतील तर पुढच्या वेळी घेतानाच काढा), तसेच त्याच कोनातून परत काढा, मालकासमोर, आणि डिपॉझिट कधी परत मिळणार ती तारीख तिथेच मेसेजवर लिहून घ्या.